पद गेलं, तास उरले

दरवर्षी जून उजाडला की मराठी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर एकाच साच्याच्या जाहिराती दिसायला लागतात. अमुक शिक्षण मंडळाच्या तमुक महाविद्यालयात मराठी, इतिहास, अर्थशास्त्र, रसायनशास्त्र या विषयांसाठी तासिका तत्त्वावर सहायक प्राध्यापक नेमणे आहेत. पात्रता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे, म्हणजे पदव्युत्तर पदवी आणि वर नेट किंवा सेट. मूळ कागदपत्रांसह स्वखर्चाने उपस्थित राहावे. मानधन शासन नियमानुसार. मुलाखतीच्या दिवशी महाविद्यालयाच्या व्हरांड्यात जी रांग लागते, तिच्यातल्या बऱ्याच जणांच्या पिशवीत पीएच.डी.चं प्रमाणपत्रही असतं.

या जाहिरातीत काय छापलेलं नसतं ते बघा. जागा किती, कोणत्या प्रवर्गाच्या, बिंदुनामावली कोणी आणि कधी तपासली, यातलं काहीही पुष्कळ जाहिरातींत सापडत नाही. कारण जागा नाहीच. जागा असती तर ती कोणाची, हा प्रश्न आला असता. इथे फक्त तास आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे: या देशात आरक्षण पदाला मिळतं, कामाला नाही. त्यामुळे आरक्षण संपवायला घटनादुरुस्ती लागत नाही, संसदेत बहुमत लागत नाही, कोणी छाती पुढे काढून 'आरक्षण नको' म्हणायचीही गरज नाही. कलम १६(४) जिथल्या तिथे ठेवायचं आणि ते ज्याला लागू होतं ते पदच मोडून त्याचे तास करायचे. विद्यापीठांत नव्याने येणाऱ्या माणसांच्या नोकरीच्या अटी म्हणजे वरवर वित्त विभागाचा काटकसरीचा मामला वाटतो. पण आपल्या घरातली पहिली पीएच.डी. झालेली पिढी दारात पोचते आणि नेमकं तेव्हाच दार भिंतीत बदलतं, हा योगायोग मानायला मी तयार नाही.

आधी पैशाचा हिशोब. महाराष्ट्रात २०१८ च्या शासन निर्णयाने पदवी वर्गाच्या एका तासिकेला ५०० रुपये दर ठरवला. मार्च २०२३ मध्ये तो ९०० झाला, पदव्युत्तर वर्गाला १,०००. आठवड्याला जास्तीत जास्त नऊ तासिका. म्हणजे एकही तास बुडाला नाही तर महिन्याला ३६ तासिकांचे ३२,४०० रुपये. त्याच वर्गात, त्याच फळ्यासमोर, तोच अभ्यासक्रम शिकवणाऱ्या कायम सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतनच ५७,७०० आहे. महागाई भत्ता आणि घरभाडं त्याच्या वर. आणि ३२,४०० हाही कागदावरचाच आकडा. गणपती, दिवाळी, निवडणूक, परीक्षा, युवक महोत्सव यांत तास झाला नाही की पैसे नाहीत. उन्हाळा तर कोरडाच. बरं, जे मिळायचं ते तरी महिन्याच्या महिन्याला? बिल महाविद्यालयातून सहसंचालक कार्यालयात जातं, तिथून त्रुटी निघून परत येतं, पुन्हा जातं. सहा-सहा महिने हातात काही पडत नाही. गावाकडच्या आईला पोरगा 'प्राध्यापक' झाल्याचं कौतुक असतं आणि पोरगा तिच्याकडेच गाडीच्या पेट्रोलचे पैसे मागतो.

नऊ तासांची ही मर्यादा का, तेही समजून घ्या. कायम सहायक प्राध्यापकाचा अध्यापनाचा भार आठवड्याला १६ तास. म्हणजे एका पूर्ण पदाचं काम दोन माणसांत वाटलं जातं. दोघंही अर्धपोटी, दोघंही एकमेकांचे स्पर्धक, आणि हजेरीपटावर पद रिकामंच. त्या रिकाम्या पदाकडे बोट दाखवून सरकार म्हणणार की भरती प्रक्रिया विचाराधीन आहे. २०१८ मध्ये राज्याने ३,५८० सहायक प्राध्यापकांची पदं भरायला मान्यता दिली. त्यातली उरलेली २,०८८ भरायची परवानगी पुन्हा नोव्हेंबर २०२१ मध्ये द्यावी लागली, कारण मधे टाळेबंदी आणि भरतीबंदी आली. त्या तीन वर्षांत वर्ग बंद नव्हते. कोणीतरी शिकवतच होतं. ज्यांनी शिकवलं त्यांची नावं कोणत्याही बिंदुनामावलीत नाहीत.

हे फक्त महाराष्ट्राचं दुखणं आहे असं समजू नका. नावं वेगळी आहेत, रोग एकच. दिल्ली विद्यापीठात 'अ‍ॅडहॉक' नावाची जमात तयार झाली: १२० दिवसांची नेमणूक, मग एक दिवस नोकरीत नाही, मग पुन्हा १२० दिवस. असं करत माणसं दहा-दहा वर्षं शिकवत राहिली. २८ ऑगस्ट २०१९ ला विद्यापीठाने पत्र काढलं की यापुढे रिकाम्या जागांवर अ‍ॅडहॉकऐवजी गेस्ट नेमा, तेव्हा डिसेंबरात हजारो शिक्षकांनी कुलगुरूंच्या कार्यालयाला वेढा घातला आणि पत्र मागे घ्यावं लागलं. नीट बघितलं तर ते भांडण होतं १२० दिवस विरुद्ध एक तास. अ‍ॅडहॉकला निदान पगार होता आणि रोस्टर लागत होतं. गेस्टला आयोगाच्या २०१९ च्या निकषाप्रमाणे तासाला दीड हजार आणि महिन्याला फार तर ५० हजार, तेही आयोगाच्या कागदावर. कर्नाटकात सरकारी पदवी महाविद्यालयांतल्या अतिथी व्याख्यात्यांनी लांबलचक संप केला, तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये सरकारने मानधन ११-१३ हजारांवरून थेट ३२ हजारांपर्यंत नेलं. टाळ्या झाल्या. त्याच आदेशात आठवड्याचे तास आठ-दहावरून १५ केले, म्हणजे तेवढंच काम कमी माणसांत. पगारवाढीची किंमत ज्यांची नावं यादीतून गळली त्यांनी भरली.

गुजरातचं प्रकरण तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांत कंत्राटावर असलेले सहायक प्राध्यापक महिना ३० हजारांवर शिकवत होते, कायम असलेले त्याच्या चौपटीहून जास्त घेत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की वेतनश्रेणीचं किमान वेतन द्या, आणि सोबत सुनावलं की समारंभात गुरूची थोरवी सांगणारे श्लोक म्हणून भागत नाही. न्यायमूर्तींचं म्हणणं बरोबरच आहे. आपल्याला त्यात थोडी भर घालावी लागेल: ज्या परंपरेतून तो श्लोक येतो, त्या परंपरेत गुरूचा मान जातीला होता, शिकवण्याच्या श्रमाला कधीच नव्हता. आज वर्गात शिकवणारा जेव्हा वस्तीतून, वाडीतून, तांड्यावरून यायला लागला तेव्हा त्या श्रमाचा दर तासावर आला.

कायद्यात काय लिहिलंय ते पाहिलं तर राग आणखी वाढतो. केंद्राचा नियम आहे की ४५ दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या तात्पुरत्या नेमणुकीलाही अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींचं आरक्षण लागू होतं. हा नियम १९६८ पासूनचा आहे, आणि त्याची आठवण करून देणारं परिपत्रक नोव्हेंबर २०२२ मध्येही काढावं लागलं. यावरूनच तो किती पाळला जातो ते कळतं. महाराष्ट्राच्या २००१ च्या आरक्षण कायद्यातही तोच आकडा आहे: ४५ दिवसांपेक्षा कमी मुदतीच्या नेमणुका वगळल्या, बाकीच्यांना कायदा लागू, आणि अनुदानित संस्थाही त्याच्या कक्षेत. मग जुलै ते एप्रिल शिकवणारा तासिकावाला किती दिवसांचा? तीनशेच्या आसपास. पण संस्थाचालक आणि अधिकारी दोघंही सांगतात की हे 'पद' नाही, ही 'नेमणूक' नाही, ही 'गरजेनुसार केलेली व्यवस्था' आहे. शब्द बदलला की कायदा गळून पडतो.

आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत कंत्राटी शिक्षकांबद्दल एक चांगलं कलम आहे. अगदी गरज असेल तरच कंत्राटी नेमा, एकूण पदांच्या १० टक्क्यांहून जास्त नको, निवड कायम शिक्षकासारखीच करा, आणि पगार कायम सहायक प्राध्यापकाच्या एकूण पगारापेक्षा कमी नको. देशातल्या किती विद्यापीठांत हे पाळलं जातं ते वाचकांनी आपापल्या विभागात बघून ठरवावं. जानेवारी २०२५ च्या नव्या मसुद्यात आयोगाने यावर उपाय शोधला. पाळलं जात नाही ना, मग १० टक्क्यांची मर्यादाच काढून टाका.

त्याच २०१८ च्या नियमावलीत आणखी एक कलम आहे, आणि माझ्या मते सगळ्यात क्रूर तेच. तात्पुरत्या किंवा कंत्राटी सेवेची वर्षं पुढे थेट भरतीत आणि पदोन्नतीत मोजायची की नाही, याच्या अटींत एक अट अशी आहे की त्या काळात तुमचा एकूण पगार कायम प्राध्यापकाच्या पगारापेक्षा कमी नसावा. म्हणजे आधी तुम्हाला कमी पैसे देणार, आणि मग कमी पैसे घेतले म्हणून तुमचा अनुभव मोजणार नाही. दहा वर्षं शिकवलं, हजारो पोरं हाताखालून गेली, आणि सेवापुस्तकाच्या भाषेत तुम्ही कधी शिकवलंच नाही. गावगाड्यात बलुतं असंच होतं. काम वर्षभर, मोजदाद धन्याच्या मर्जीची.

आता थोडं मागे जाऊ, कारण ही युक्ती नवी नाही. एप्रिल २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने निकाल दिला की आरक्षण मोजताना अख्खं विद्यापीठ नव्हे, एकेक विभाग घटक धरायचा. ५ मार्च २०१८ ला आयोगाने तसं पत्र सगळीकडे पाठवलं. याचा अर्थ काय होता? २०० बिंदूंच्या रोस्टरवर विद्यापीठातली सगळी पदं एकत्र मोजली जात. विभागवार मोजायला घेतलं की १३ बिंदूंचं रोस्टर लागतं, आणि त्यात चौथं पद ओबीसीला, सातवं अनुसूचित जातीला, चौदावं अनुसूचित जमातीला येतं. तीन सहायक प्राध्यापकांच्या विभागात आरक्षण शून्य. आणि आपल्याकडे भाषा, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र असे कितीतरी विभाग दोन-तीन माणसांचेच. आदिवासी उमेदवाराने चौदाव्या जागेची वाट बघत म्हातारं व्हायचं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील फेटाळलं, मग पुनर्विचार याचिकाही. ५ मार्च २०१९ ला बहुजन संघटना, विद्यार्थी आणि शिक्षक भारत बंद करून रस्त्यावर आले, दोन दिवसांत मंत्रिमंडळाला अध्यादेश काढावा लागला आणि पुढे केंद्रीय शैक्षणिक संस्थांसाठी कायदा झाला. संस्था हाच घटक, हे पुन्हा लिहिलं गेलं.

तो विजय आपला होता, आणि तो कोर्टात नाही, रस्त्यावर मिळाला. पण युक्ती करणाऱ्यांनीही त्यातून धडा घेतला. घटक लहान करत गेलं की आरक्षण आपोआप आटतं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. विद्यापीठावरून विभागावर यायला बघितलं, ते फसलं. आता विभागाखालचा घटक हाताशी आहे, तास. तासाला चौथा बिंदूही येत नाही आणि सातवाही.

डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाने आरक्षणाच्या अंमलबजावणीच्या मार्गदर्शक सूचनांचा मसुदा काढला, त्यात राखीव पदं अनारक्षित करण्यावर एक अख्खं प्रकरण होतं. ओरड झाली तशी जानेवारी अखेरीस मंत्रालयाने घाईघाईने सांगितलं की असं काही होणार नाही. मला त्या मसुद्यापेक्षा तो लिहिणाऱ्यांच्या धीराचं नवल वाटलं. कारण पद अनारक्षित करायची गरजच काय? ते रिकामं ठेवलं तरी काम भागतंय.

आणि ते रिकामं ठेवायची पद्धत तर आपल्या ओळखीची आहे. 'योग्य उमेदवार आढळला नाही.' इंग्रजीत तीन अक्षरं, एनएफएस. आयोगाच्याच नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचे शैक्षणिक गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते. निवड निव्वळ मुलाखतीवर. पदवीपासून पीएच.डी.पर्यंतची पंधरा वर्षं दाराशी काढून ठेवायची आणि आत दहा मिनिटांत पाच-सहा माणसांनी ठरवायचं. आत बसलेले कोण, हे सांगायला नको. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने राज्यसभेत दिलेल्या उत्तराप्रमाणे केंद्रीय विद्यापीठांत प्रोफेसरच्या अनुसूचित जमातींसाठी मंजूर १४४ पदांपैकी २४ भरलेली, अनुसूचित जातींच्या ३०८ पैकी १११, ओबीसींच्या ४२३ पैकी ८४. खुल्या १,५३८ पैकी ९३५ भरलेली. म्हणजे योग्य उमेदवार मिळत नाहीत ते ठरावीक रकान्यांतच.

यावर 'गुणवत्ता' हे उत्तर येणार, ते पाठ आहे. तर मग दिल्लीच्या एम्सचं उदाहरण घ्या. संसदेच्या अनुसूचित जाती-जमाती कल्याण समितीने, जिचे अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते, जुलै २०२२ च्या अहवालात एम्सबद्दल लिहिलं की तिथे अ‍ॅडहॉक म्हणून वर्षानुवर्षं काम केलेले दलित-आदिवासी डॉक्टर कायम भरतीच्या वेळी निवडले गेले नाहीत, आणि 'पुरेसे योग्य उमेदवार मिळाले नाहीत' हे सरकारचं साचेबंद उत्तर समितीला मान्य नाही. शस्त्रक्रिया करायला योग्य, रात्रपाळीला योग्य, विद्यार्थ्यांना शिकवायला योग्य. फक्त पदाला अयोग्य. ज्या माणसाला तुम्ही दर जूनला पुन्हा बोलावता, ज्याच्या हाती अख्खा वर्ग सोपवता, ज्याच्या शिकवण्यावर तुमचा निकाल लागतो आणि नॅकची श्रेणी ठरते, त्याची गुणवत्ता तुम्ही दहा वर्षं स्वतःच प्रमाणित करत आलात. तो मुलाखतीच्या खोलीत शिरल्यावर अचानक कशी उडून जाते?

अनुदानित खासगी महाविद्यालयांत तर मुलाखतीच्या आधीचीही एक मुलाखत असते. तिचा आकडा तालुक्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे, पावती कोणाकडेच नाही. शेत विकून ती रक्कम उभी करणारे निदान शेतवाले तरी असतात. भूमिहीनाने काय विकायचं? गुणवत्तेच्या रखवालदारांनी या व्यवहारावर कधी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही.

पैसा आणि पद यांच्यापलीकडे रोजच्या जगण्याचा भाग आहे, आणि त्याबद्दल कमी लिहिलं जातं. बाबासाहेब १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून गेले, तेव्हा सहकाऱ्यांनी पाण्याच्या भांड्यावरून आक्षेप घेतला होता. आज पाण्याचा कूलर सगळ्यांना सारखाच आहे. आज हत्यार वेगळं आहे: 'पुढच्या वर्षी बघू.' तासिकेवरच्या माणसाला कोणी काढत नाही. काढलं तर कारण द्यावं लागेल, चौकशी करावी लागेल, अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा आठवेल. त्याला फक्त पुन्हा बोलावत नाहीत. त्यावर कोणाकडे दाद मागणार? घडलंच काही नाही. मी स्वतः काही वर्षं तासिकेवर काढली आहेत. तिथे एक गोष्ट लवकर कळते: विभागात चौदा एप्रिलचा कार्यक्रम घ्यायचा का, शिष्यवृत्ती अडलेल्या पोरांसोबत प्राचार्यांकडे जायचं का, अभ्यासक्रमात फुले का नाहीत हे बैठकीत विचारायचं का, या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर जून महिना देतो. कायम सर बोलू शकतात, पण बहुतेक बोलत नाहीत. आपण बोलू इच्छितो, पण जून जवळ असतो.

शिवाय फुकटची कामं. नॅकच्या फायली, प्रवेश समिती, परीक्षेचं पर्यवेक्षण, राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर, पाहुण्यांसाठी गाडी ठरवणं. यांचे तास कोणी मोजत नाही आणि नाही म्हणायची सोय नाही. बायकांचं तर विचारूच नका. दिल्लीत एका अ‍ॅडहॉक प्राध्यापिकेने बाळंतपणाची रजा मागितली तर तिची नेमणूक पुढे नेली नाही; २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. ती कोर्टात जाऊ शकली. ज्या जात नाहीत त्या पाचव्या महिन्यापर्यंत ओढणी सावरत शिकवतात आणि मग 'घरच्या कारणाने' थांबतात. त्याच विद्यापीठातल्या एका दलित अ‍ॅडहॉक प्राध्यापिकेने जातीमुळे आपल्याला काढलं असा आरोप करत महिनोन्‌महिने विद्यापीठाच्या आवारात धरणं धरलं, आणि शेवटी पीएच.डी.ची पाटी लावून भज्यांचा गाडा लावला. समाजमाध्यमांवर बऱ्याच जणांना त्यात गंमत वाटली.

याचा परिणाम त्या एका माणसापुरता राहत नाही. आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.चा मार्गदर्शक व्हायला कायम प्राध्यापक असावं लागतं. म्हणजे आपली माणसं तासिकेवर राहिली की आपल्या पोरांना आपला मार्गदर्शक नाही. विषय सवर्ण मार्गदर्शकाच्या मर्जीचा, आणि प्रबंधाची मुदत त्याच्या मूडची. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात शिक्षक म्हणजे मान्यताप्राप्त पूर्णवेळ शिक्षक. तासिकावाल्याला अधिसभेला ना मत, ना उमेदवारी. अभ्यास मंडळात तो नाही, निवड समितीत अनुसूचित जातीचा तज्ज्ञ हवा तेव्हा तो नाही. पुढच्या भरतीत 'योग्य' कोण हे ठरवणारी खुर्चीही रिकामी राहते, म्हणजे खरं तर ती भरलेलीच असते, त्यांच्या माणसाने.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचं तर याआधीच उरकलं. विद्यापीठात आपल्या माणसाला पहिली कायम नोकरी मिळाली ती प्राध्यापकाची नव्हे, शिपाई, सफाई कामगार, प्रयोगशाळा परिचर यांची. त्या पगारावर आणि त्या निवृत्तिवेतनावर पुढची पिढी शिकली. झाडू पहिल्यांदा ठेकेदाराच्या हाती गेला, मग पहारा, मग कारकुनी. झाडणारे हात तेच राहिले, फक्त पदाचं नाव आणि रोस्टर गेलं. ठेकेदाराला बिंदुनामावली नसते. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने नऊ खासगी कंपन्यांमार्फत सरकारी कामांसाठी माणसं घ्यायचा निर्णय काढला, तेव्हा तरुण पेटून उठले आणि ऑक्टोबरात तो रद्द झाला. प्राध्यापकांनी तेव्हा ते भांडण आपलं मानलं नाही. आज तीच पद्धत त्यांच्या स्टाफरूममध्ये आली आहे.

आता आपल्यातल्या वादाबद्दल. तासिका आणि अ‍ॅडहॉकवरच्या सगळ्यांना आहे तिथे कायम करा, ही मागणी मोठी आहे आणि तिच्यामागचं दुःख खरं आहे. तरी मला ती जशीच्या तशी मान्य नाही. ज्या नेमणुका रोस्टर न लावता, ओळखीने, जातीने, संस्थाचालकाच्या मर्जीने झाल्या, त्या सरसकट कायम केल्या तर मागच्या वीस वर्षांची चोरी आपण आपल्याच हाताने पक्की करू. आणि २००६ च्या उमादेवी निकालातला 'मागच्या दाराने आलेले' हा ठपका सरकार आपल्याच डोक्यावर मारेल. पण 'आधी सगळे जा, मग नव्याने स्पर्धा करा' म्हणणाऱ्यांचीही मला शंका येते. पुढचं दार कुलूप लावून कोणी बंद ठेवलं, ते आधी सांगा. माझ्या मते क्रम असा हवा: संस्थेची सगळी पदं, रिकामी आणि तासांत वाटलेली, एकत्र मोजून रोस्टर लावा, जितकी राखीव पदं निघतील ती आधी त्या प्रवर्गातल्या, तिथेच वर्षं घालवलेल्या पात्र उमेदवारांमधून भरा, त्यांची वर्षं पगाराची अट न लावता मोजा. बाकीचं समायोजन त्यानंतर.

कायम असलेल्या आपल्या वरिष्ठांनाही एक सांगायचंय, आदर ठेवूनच. तुम्ही आंदोलनांतून आलात, तुमच्या वेळी पद होतं. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली तेव्हा तुम्ही हळहळलात. आता पदच चाललंय आणि तुमच्या संघटनेच्या सभासद अर्जावर आम्हाला रकानाच नाही. तुम्ही मुलाखत समितीत प्रवर्गाचे प्रतिनिधी म्हणून बसता. 'योग्य उमेदवार आढळला नाही' या कागदावर तुमचीही सही असते. ती करण्याआधी वेगळं मत लेखी नोंदवता येतं, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

आणि येत्या जूनसाठी एक काम. तुमच्या जवळच्या अनुदानित महाविद्यालयाची किंवा विद्यापीठ विभागाची तासिका तत्त्वावरची जाहिरात निघाली की तिचं कात्रण ठेवा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा आहे, उत्तराची मुदत ३० दिवस. त्यात विचारा: विषयवार मंजूर पदं किती, रिकामी कधीपासून, शेवटची बिंदुनामावली कोणत्या तारखेला तपासली, गेल्या पाच वर्षांत तासिकेवर नेमलेल्यांची प्रवर्गनिहाय संख्या, आणि ज्या राखीव पदांवर योग्य उमेदवार मिळाला नाही त्यांच्या मुलाखतींची गुणपत्रकं, सगळ्या सदस्यांनी दिलेल्या गुणांसकट. एकट्याने अर्ज करू नका, विशेषतः तुम्ही स्वतः तासिकेवर असाल तर. गावातल्या कोणाच्या तरी नावाने करा, ज्याला जूनची भीती नाही.